विभवांतर आणि विद्युतधारेवरून रोध व शक्ती काढण्याची पद्धत

एखाद्या उपकरणाच्या दोन टोकांमधील विभवांतर आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा माहीत असेल, तर त्याचा रोध एका भागाकाराने आणि त्यात खर्च होणारी शक्ती एका गुणाकाराने निघते. हे गणित शाळकरी मुलालाही जमते. तरीही काढलेले उत्तर आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ अनेकदा बसत नाही, आणि त्याचे कारण बहुधा मोजमापात सापडते. भागाकारात घातलेले दोन्ही आकडे एकाच भागाचे, एकाच क्षणाचे आणि तो भाग प्रत्यक्ष काम करीत असतानाचे असावे लागतात. या तीनपैकी एक अट जरी सुटली, तरी उत्तर दिसायला नेटके आणि अर्थाने चुकीचे येते. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा आकडे कसे मिळवावेत आणि आलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावावा, यावर अधिक भर दिला आहे.

दोन सूत्रे आणि त्यांच्यातील महत्त्वाचा फरक

रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा
शक्ती = विभवांतर × विद्युतधारा

विभवांतर व्होल्टमध्ये आणि धारा ॲम्पिअरमध्ये घातली की रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मिळते. एखाद्या तापकावर १२ व्होल्ट असताना त्यातून १.५ ॲम्पिअर वाहत असतील, तर त्याचा रोध १२ ÷ १.५ = ८ ओहम आणि शक्ती १२ × १.५ = १८ वॅट.

ही दोन सूत्रे सारखीच वाटली तरी त्यांचा अधिकार सारखा नाही. एक व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा आणि एक ॲम्पिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम प्रभार, त्यामुळे त्यांचा गुणाकार दर सेकंदाचे ज्यूल, म्हणजेच वॅट, देतो. हे व्याख्येतूनच येत असल्याने शक्तीचे सूत्र त्या क्षणापुरते कोणत्याही उपकरणाला लागू पडते, मग ती तार असो, दिवा असो की मोटर. रोधाचे तसे नाही. भागाकार कशाचाही करता येतो, पण विभवांतर बदलले तरी तो भागाकार तोच राहतो का, हा वेगळा प्रश्न आहे. तापमान स्थिर असताना धातूच्या वाहकाबाबत तो तोच राहतो, हे जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. जेथे असे घडत नाही तेथे भागाकाराने आलेला रोध फक्त त्या एका स्थितीपुरता खरा असतो.

दोन्ही सूत्रे एकत्र केली की आणखी दोन मिळतात: शक्ती = धारेचा वर्ग × रोध, आणि शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध. धारेच्या वर्गाशी उष्णतेचे असलेले नाते जेम्स ज्यूल यांनी प्रयोगाने दाखवून १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. व्होल्टेज, म्हणजेच विभवांतर, थोडेसे कमी झाले तरी तापकाची उष्णता इतकी का घटते, याचा उलगडा या वर्गात आहे. २३० व्होल्टवर २००० वॅट देणाऱ्या तापकाला २०० व्होल्टच मिळाले, तर रोध जवळपास तोच धरून शक्ती सुमारे १५१२ वॅट उरते. विभवांतर १३ टक्क्यांनी घटले, पण शक्ती २४ टक्क्यांनी घटली.

एककांची चूक आधी टाळावी

मीटर मिलिॲम्पिअर दाखवीत असताना तो आकडा ॲम्पिअर समजून भागाकार केला, तर उत्तर हजारपटीने चुकते. ५ व्होल्ट आणि २.३ मिलिॲम्पिअर असतील, तर आधी २.३ मिलिॲम्पिअर म्हणजे ०.००२३ ॲम्पिअर असे करून घ्यावे. रोध सुमारे २१७४ ओहम आणि शक्ती ०.०११५ वॅट येते. इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणारे लोक याहून सोपी रीत वापरतात: व्होल्टला थेट मिलिॲम्पिअरने भागले की उत्तर किलोओहममध्ये येते आणि गुणले की मिलिवॅटमध्ये येते. येथे ५ ÷ २.३ = २.१७ किलोओहम आणि ५ × २.३ = ११.५ मिलिवॅट. ही सवय लावून घ्यावी, कारण शून्ये मोजण्याचे काम कमी झाले की चुकाही कमी होतात.

मोजणी कशी करावी

पहिल्या सरावासाठी बॅटरी किंवा कमी व्होल्टेजचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेचा) पुरवठा घ्यावा. घरगुती वीजपुरवठ्यावर उघड्या तारा जोडून हा प्रयोग कधीही करू नये. त्याची सुरक्षित रीत पुढे दिली आहे. उदाहरणासाठी १२ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहम, २५ वॅट असे लिहिलेला तारेचा रोधक घेऊ. असा रोधक काही मिनिटांत हात भाजण्याइतका तापू शकतो, म्हणून तो उष्णता सहन करणाऱ्या पृष्ठभागावर, शक्य असल्यास धातूच्या पट्टीवर बसवून ठेवावा.

प्रथम पुरवठा बंद ठेवून धारा मोजणारा मीटर परिपथात एकसर जोडावा, म्हणजे परिपथ एका जागी तोडून मीटर त्या तुटीत बसवावा, जेणेकरून सगळी धारा त्याच्यातूनच जाईल. लाल वायर १० ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये घालावी आणि मीटरची चकती त्याच रेंजवर फिरवावी. धारेचा अंदाज नसेल तेव्हा नेहमी सर्वांत मोठ्या रेंजपासून सुरुवात करावी. अनेक मीटरांवर या सॉकेटजवळ किती सेकंद धारा वाहू द्यायची ते छापलेले असते; ती मर्यादा पाळावी.

दुसरा मीटर व्होल्टेजच्या रेंजवर ठेवून समांतर जोडावा. येथे एक बारकावा आहे. त्याची टोके बॅटरीच्या खांबांवर न लावता रोधकाच्या अंगातून निघणाऱ्या तारांवर, अगदी अंगालगत टेकवावीत. मग पुरवठा सुरू करावा, आकडे स्थिरावू द्यावेत आणि दोन्ही मीटरांवरील आकडे एकापाठोपाठ लगेच लिहून घ्यावेत.

समजा, धारा १.१६ ॲम्पिअर आणि रोधकावरील विभवांतर ११.६ व्होल्ट मिळाले. रोध = ११.६ ÷ १.१६ = १०.० ओहम. शक्ती = ११.६ × १.१६ = १३.४६ वॅट. आता तीच टोके बॅटरीच्या खांबांवर नेली, तर मीटर १२.१ व्होल्ट दाखवील. हा आकडा घेऊन भागाकार केला असता रोध १०.४३ ओहम आला असता आणि एक चांगला रोधक उगाच सदोष ठरला असता. मधले ०.५ व्होल्ट जोडतारा, चिमटे आणि धारा मोजणारा मीटर यांच्यावर पडतात. त्या सर्वांचा मिळून रोध ०.५ ÷ १.१६ = ०.४३ ओहम, आणि त्यांत वाया जाणारी शक्ती ०.५ × १.१६ = ०.५८ वॅट. एकाच भागाचे आकडे घ्यावेत, असे सुरुवातीला म्हटले ते याचसाठी.

एकच मीटर असेल तर काय करावे? पुष्कळ जण आधी धारा मोजतात, मग मीटर काढून तारा जोडतात आणि व्होल्टेज मोजतात. मीटर काढताच परिपथातील त्याचा रोध नाहीसा होतो आणि धारा बदलते, त्यामुळे हे दोन आकडे दोन वेगळ्या परिपथांचे होतात. याऐवजी ०.१ ओहमचा अचूक रोधक परिपथात कायमचा एकसर ठेवावा. त्याच्यावरील विभवांतर ०.११६ व्होल्ट आले, तर धारा ०.११६ ÷ ०.१ = १.१६ ॲम्पिअर हे उघड आहे. मग परिपथाला हात न लावता मीटरची टोके मुख्य रोधकावर न्यावीत. मीटर सबंध वेळ व्होल्टेजच्याच रेंजवर राहतो, हा या रीतीचा आणखी एक मोठा फायदा आहे.

तो फायदा मोठा का, हे सांगितले पाहिजे. धारा मोजून झाल्यावर लाल वायर १० ॲम्पिअरच्या सॉकेटमध्येच राहिली आणि नंतर तीच टोके व्होल्टेज मोजण्यासाठी बॅटरीवर किंवा घरगुती सॉकेटमध्ये लावली, तर मीटर जवळजवळ शून्य रोधाच्या तारेसारखा वागतो आणि शॉर्टसर्किट होते. चकती व्होल्टवर फिरवली तरी वायर चुकीच्या सॉकेटमध्ये असल्यास धोका टळत नाही. म्हणून धारेचे मोजमाप संपताक्षणी वायर परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालण्याची शिस्त अंगी बाणवावी. चालू परिपथावर ओहमची रेंज वापरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण त्या रेंजवर मीटर स्वतःची ठरावीक धारा सोडून रोध काढतो आणि बाहेरचे व्होल्टेज त्यात मिसळले की आकडा निरर्थक होतो, शिवाय मीटर बिघडू शकतो.

उत्तरात किती अंक ठेवावेत

कॅल्क्युलेटर आठ अंक दाखवतो म्हणून आठही अंक खरे ठरत नाहीत. व्होल्टेजच्या मोजणीत ०.५ टक्का आणि धारेच्या मोजणीत २ टक्के चूक संभवत असेल, तर भागाकार आणि गुणाकार या दोन्हींत त्या चुकांची बेरीज धरावी लागते. म्हणजे रोध आणि शक्ती दोन्ही २.५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतात. वरचा १० ओहमचा रोध त्यामुळे ९.७५ ते १०.२५ यांच्या दरम्यान आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते.

याच कारणाने, व्होल्टेज आणि धारा दोन्ही मोजलेली असताना शक्ती काढण्यासाठी थेट गुणाकार करावा. रोधकावर छापलेला रोध घेऊन धारेचा वर्ग केला, तर धारेतील २ टक्के चूक वर्गामुळे ४ टक्के होते आणि छापील रोधातील फरक तिच्यात आणखी भर घालतो.

मीटर स्वतःच आकडा बदलतो तेव्हा

नेहमीच्या डिजिटल मीटरचा व्होल्टेजच्या रेंजवरील अंतर्गत रोध सहसा १० मेगाओहम असतो. १० ओहमच्या रोधकाशेजारी त्याचा परिणाम नगण्य असतो, पण १ मेगाओहमच्या रोधकाशेजारी मुळीच नगण्य नसतो. १२ व्होल्टवर त्या रोधकातून १२ मायक्रोॲम्पिअर वाहतात आणि समांतर जोडलेल्या मीटरमधून १.२ मायक्रोॲम्पिअर. बाहेर बसवलेला धारामापी दोन्हींची बेरीज, १३.२ मायक्रोॲम्पिअर, दाखवतो आणि भागाकार केल्यास रोध ०.९१ मेगाओहम येतो, म्हणजे ९ टक्के कमी.

यावर उपाय जोडणीची जागा बदलणे हा आहे. रोध मोठा असेल तेव्हा व्होल्टमापी धारामापी आणि रोधक या दोघांना मिळून समांतर जोडावा. मग धारामापीतून फक्त रोधकाची धारा जाते आणि धारामापीवर पडणारे किरकोळ विभवांतर मोठ्या रोधापुढे दुर्लक्षिता येते. रोध लहान असेल तेव्हा व्होल्टमापी थेट रोधकावरच असावा. जेथे शंका असेल तेथे दोन्ही प्रकारे मोजून पाहावे; आकडे जुळले तर कोणतीही जोडणी चालते.

अतिशय लहान रोध

या पद्धतीची खरी ताकद येथे दिसते. वाहनाची स्टार्टर मोटर जोर करीत नाही आणि बॅटरीच्या जाड केबलचा संशय आहे, असे समजा. केबल ओहमच्या रेंजवर मोजली तर मीटर ०.२ किंवा ०.३ ओहम दाखवील, आणि दोन्ही टोके एकमेकांना भिडवली तरीही तेवढेच दाखवील, कारण तो रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा आहे. त्याऐवजी स्टार्टर फिरत असताना केबलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे विभवांतर मोजावे. ते ०.५ व्होल्ट आणि धारा १५० ॲम्पिअर असेल, तर केबल व तिच्या सांध्यांचा रोध ०.५ ÷ १५० = ०.००३३ ओहम आणि त्यात जळणारी शक्ती ७५ वॅट. ओहमच्या रेंजला न दिसणारा दोष येथे स्पष्ट पकडता येतो. मग टोके केबलच्या तारेवरून लगच्या (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) बाहेरच्या बाजूला सरकवत न्यावीत. जेथे आकडा एकदम उडी घेतो, तो सांधा गंजलेला किंवा ढिला आहे. मोठी धारा मोजण्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे परिपथ न तोडता वायरीभोवती चिमट्यासारखा धरून धारा मोजणारा मीटर, लागतो. साध्या मीटरच्या १० ॲम्पिअरच्या रेंजने हे काम करू नये.

बॅटरीचा अंतर्गत रोधही याच विचाराने निघतो. भार नसताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि १.१६ ॲम्पिअरचा भार असताना १२.१ व्होल्ट मिळाले, तर फरकाला धारेने भागून ०.२६ ओहम येतात.

जेथे रोध स्थिर राहत नाही

२३० व्होल्ट, ६० वॅटच्या फिलॅमेंट दिव्यातून पेटलेला असताना ०.२६ ॲम्पिअर वाहतात, म्हणजे त्याचा रोध सुमारे ८८२ ओहम. तोच दिवा काढून थंड अवस्थेत ओहमच्या रेंजवर मोजला, तर जेमतेम ६० ते ७० ओहम दिसतात. हा थंड रोध घेऊन २३० चा वर्ग ÷ ६५ असे गणित केले, तर शक्ती ८१४ वॅट येते आणि गणित करणारा गोंधळून जातो. टंगस्टनची तार तापल्यावर तिचा रोध दहा-पंधरापट वाढतो, एवढाच याचा अर्थ आहे. दिवा लावण्याच्या क्षणी वाहणारी मोठी धाराही यातूनच समजते. तांब्याचा रोधसुद्धा दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. तापकांच्या तारेसाठी वापरल्या जाणाऱ्या निक्रोम या मिश्रधातूचा मात्र त्या मानाने फारच थोडा बदलतो, म्हणून तापकांचे गणित बरेचसे जुळते.

एलईडीमध्ये तर भागाकाराला फारसा अर्थच उरत नाही. लाल एलईडीवर २० मिलिॲम्पिअरला २ व्होल्ट असतील, तर भागाकार १०० ओहम देतो. धारा २ मिलिॲम्पिअर केली की विभवांतर १.८ व्होल्टच्या आसपास राहते आणि तोच भागाकार ९०० ओहम देतो. मात्र शक्ती दोन्ही वेळा बरोबर निघते: ४० मिलिवॅट आणि ३.६ मिलिवॅट.

म्हणून अनोळखी उपकरणाचा रोध एकाच मोजणीवरून जाहीर करू नये. पुरवठा ३, ६, ९ आणि १२ व्होल्टवर ठेवून चार वेळा धारा मोजावी, प्रत्येक वेळी भागाकार करावा आणि चारही उत्तरे शेजारी मांडावीत. ती मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत सारखी असतील, तर तो रोध त्या उपकरणाचा म्हणता येतो. ती चढत गेली तर तापणाऱ्या धातूची तार, उतरत गेली तर अर्धवाहक असण्याचा संभव अधिक.

शक्ती पाहून रोधक निवडणे

१२ व्होल्टवर वरचा एलईडी २० मिलिॲम्पिअरने चालवायचा असेल, तर रोधकावर १२ − २ = १० व्होल्ट पडले पाहिजेत. रोध १० ÷ ०.०२ = ५०० ओहम; सहज मिळणारी पुढची किंमत ५६० ओहम, आणि त्यातून १७.९ मिलिॲम्पिअर वाहतील. त्यात खर्च होणारी शक्ती १० × ०.०१७९ = ०.१७९ वॅट. पाव वॅटचा रोधक हे सहन करील, पण तो सतत तापलेला राहील. छापील क्षमतेच्या निम्म्यापर्यंतच भार ठेवावा, या जुन्या रिवाजानुसार येथे अर्ध्या वॅटचाच रोधक घ्यावा. पाव वॅटचा १०० ओहमचा रोधक जास्तीत जास्त ५ व्होल्ट सहन करतो. त्याच्यावर थेट १२ व्होल्ट दिले तर १.४४ वॅट होऊन तो जळतो.

एसी पुरवठ्यावर

तापक, इस्त्री किंवा फिलॅमेंट दिवा यांच्यासाठी वरचीच सूत्रे चालतात, कारण एसी मीटरवर दिसणारा आकडा समान उष्णता देणाऱ्या डीसीइतका मानलेला असतो. २३० व्होल्ट आणि ८.७ ॲम्पिअर असतील, तर रोध २६.४ ओहम आणि शक्ती सुमारे २००० वॅट.

मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि इलेक्ट्रॉनिक पुरवठा यांच्या बाबतीत मात्र धारा व विभवांतर एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. २३० व्होल्टवर २ ॲम्पिअर घेणाऱ्या मोटरचा गुणाकार ४६० येतो, पण तो व्होल्टॲम्पिअरमध्ये; शक्तिगुणक, म्हणजे या गुणाकाराचा खऱ्या शक्तीत उतरणारा अंश, ०.७ असेल तर खरी शक्ती ४६० × ०.७ = ३२२ वॅट. भागाकाराने येणारे ११५ ओहम हा वेटोळ्याचा रोध नसून एकूण अवरोध, म्हणजे एसी धारेला होणारा सगळा अडथळा, आहे. वेटोळ्याचा रोध पुरवठा तोडून ओहमच्या रेंजवर १२ ओहम मिळाला, तर धारेचा वर्ग × रोध = ४८ वॅट ही फक्त वेटोळ्यात उष्णतेवाटे जाणारी शक्ती होय; उरलेल्या २७४ वॅटपैकी बहुतांश फिरवण्याच्या कामी लागते आणि थोडी लोखंडात व घर्षणात जाते. मोटर अडकली की धारा कितीतरी वाढते आणि वेटोळ्यातील उष्णता तिच्या वर्गाने वाढते, म्हणून अडकलेली मोटर लवकर जळते.

घरगुती पुरवठ्यावर धारा मोजण्यासाठी क्लॅम्प मीटर वापरावा आणि तो एकाच वायरीभोवती घालावा. दोन वायरींची अखंड केबल क्लॅम्पमध्ये धरली, तर जाणारी व येणारी धारा एकमेकींना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. धारा फार लहान असेल, तर तीच वायर क्लॅम्पमधून पाच वेळा ओवून आलेल्या आकड्याला पाचाने भागावे. ज्यांची धारा लाटेसारखी नसून तुटक झटक्यांनी येते, अशा एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या बाबतीत साधा मीटर धाराच चुकीची दाखवू शकतो. त्यासाठी खरे आरएमएस मूल्य, म्हणजे समान उष्णता देणाऱ्या डीसीइतके मूल्य, मोजणारा मीटर घ्यावा, आणि शक्ती हवी असेल तर सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा वॅटमापी वापरावा, कारण तो दर क्षणाला विभवांतर आणि धारेचा गुणाकार करून त्याची सरासरी काढतो.